उजवीकडचा दिवा

१

आमच्या घरचं माणूस गाडीवर कामाला निघालं की आई फाटकाशी येऊन उभी राहायची. फाटकापासून पिठाच्या चक्कीच्या कोपऱ्यापर्यंत दीडशे पावलं आहेत. कोपऱ्यावर इंडिकेटर द्यायचा, आईने तो बघायचा, हात वर करून ‘ये’ म्हणायचं आणि मगच आत वळायचं. कोणी इंडिकेटर द्यायला विसरलं तर ती तशीच उभी राहणार, मग आत दूध उतू जावो नाहीतर पाहुणे ताटकळोत. आणि ज्याने दिवा दिला तो परत येईपर्यंत ती संध्याकाळी पानावर बसायची नाही.

ही पद्धत बाबांपासूनची. बाबा, म्हणजे कृष्णराव, त्र्याहत्तर साली साताऱ्याकडून देवासला कारखान्यात लागले. आई धारची, जुन्या दरबारी कारकुनांच्या घरातली. नव्या गावात, नव्या कॉलनीत ओळखीचं कोणी नाही, नवरा पहाटे पाळीला जायचा. पुढे त्यांनी मोटरसायकल घेतली तेव्हा त्यांनी तिला सांगितलं, कोपऱ्यावर दिवा दिसला की समज, सगळं ठीक आहे, आणि आत जा. बाबांना जाऊन पाच वर्षं झाली. मोटरसायकल माझ्याकडे आली आणि दिवा द्यायचं कामही.

मी माधव. त्याच कारखान्यात इलेक्ट्रिकल मेंटेनन्सला आहे. हे मुद्दाम सांगतो, कारण पुढे जे सांगणार आहे ते ऐकून लोक म्हणतील याला वायरिंगमधलं कळत नसावं. वायरिंगमधलं मला कळतं. बाकीचं कळत नाही.

दोन हजार सातच्या दिवाळीनंतर एकदा माझी पहिली पाळी होती. साडेनऊला चहाची सुट्टी झाली आणि बायकोचा, अवंतीचा फोन आला. ‘अहो, तुम्ही दिवा नाही दिलात का? आई अजून फाटकात उभ्या आहेत.’

‘दिला की.’

‘त्यांना नाही दिसला. तीन तास झाले. पाय सुजलेत.’

इंदूरच्या डॉक्टरांनी काचबिंदू सांगितला. गेलेली नजर परत येणार नाही, उरलेली सांभाळा, म्हणाले. परतताना बसमध्ये आई माझा हात धरून बसली होती. ‘बाकी काही नाही दिसलं तरी चालेल रे,’ ती म्हणाली, ‘पण तो तेवढा दिवा दिसायला हवा.’

मी म्हटलं, एवढंच ना? त्याला मी आहे.

२

जवाहर चौकाच्या मागे खंडोजी मिस्त्रीचं दुकान आहे. त्याने काचेवर चार इंडिकेटर मांडले, बोटभर लांबीचे, आत दाण्यांसारखे एलईडी.

‘चायना का माल है भिया, पण उजेड बघ. टेकरी पे से दिखेगा! आईसाहेबांना फाटकातून का नाही दिसणार?’

‘जुना फ्लॅशर चालेल का?’

‘वो नहीं चलेगा. हे बल्ब करंट खातातच किती? जुना फ्लॅशर म्हणेल, माझ्यावर कोणी बसलंच नाही, मी कशाला टिकटिक करू. इलेक्ट्रॉनिकवाला ले जा.’

रविवारी दुपारी मी ओट्यावर बसून काम केलं. जुन्या इंडिकेटरांच्या रबरी दांड्या कडक होऊन चिरल्या होत्या, त्या कापूनच काढल्या. वायरी सोलल्या, जोडल्या, टेप गुंडाळली. नवा फ्लॅशर, म्हणजे दिव्याची उघडझाप करणारी डबी, सीटखाली बसवला. डावीकडचं बटण दाबून डावीकडे वाकून बघितलं, लागले. उजवीकडचं दाबून उजवीकडे वाकून बघितलं, लागले. भर उन्हातही डोळे दिपवत होते. आई ओट्यावर बसून तोंड भरून हसत होती. तिला ते दिसत होते.

सोमवारी सकाळी साडेसहाला निघालो. बाहेर विरळ धुकं होतं. कोपऱ्यावर डावीकडचा इंडिकेटर दिला. कारखाने डावीकडे, ए.बी. रोड म्हणजे आग्रा-मुंबई हमरस्ता आणि इंदूर उजवीकडे. आरशात आईचा हात वर गेलेला दिसला. खाली आला, आणि परत वर गेला. मला वाटलं, आनंद झालाय.

संध्याकाळी आम्ही जेवायला बसलो. आमच्याकडे अजून पाट मांडतात, स्वयंपाकघरातच. तीन माणसं आणि चार पाट.

‘कोण येणार आहे?’ मी विचारलं.

‘आज दोघांनीही दिवा दिला की,’ आई म्हणाली. ‘तू डावीकडचा. शंतनूने उजवीकडचा.’

अवंतीच्या हातातली पळी आमटीत पडली. शंतनू माझा धाकटा भाऊ. त्याला जाऊन नऊ वर्षं झाली होती.

मी उठून बाहेर गेलो. गाडी चालू केली, डावीकडचं बटण दाबलं आणि या वेळी मागे जाऊन सरळ उभा राहिलो. डावीकडचा लागत होता आणि उजवीकडचाही लागत होता.

भीती वाटली का? वाटली, पण दोन मिनिटंच. मग हसू आलं. जुन्या गाड्यांना मीटरमध्ये इंडिकेटरची खूण दाखवणारा एकच छोटा दिवा असतो, डाव्या आणि उजव्या वायरीच्या मधोमध जोडलेला. त्याच्यातून थोडा करंट पलीकडच्या बाजूला झिरपतो. जुन्या बल्बला तेवढा पुरत नाही, एलईडीला पुरतो. करंट एकाच दिशेने जाऊ देणारे दोन डायोड लावले की काम झालं. शिकाऊ पोरंही चुकतात, आणि मी पंधरा वर्षांचा अनुभव घेऊन चुकलो होतो.

आत आलो तर आई चौथ्या पाटासमोर वाढत होती. तिचं तोंड बघून मला ते दोन डायोड सांगवेनात.

३

आता शंतनूचं सांगतो. ते सांगितल्याशिवाय पुढचं समजणार नाही.

शंतनूला धारला जायचं नव्हतं. आईने तिच्या भावाला, उदाजीरावमामाला सांगून त्याला तिथे एका खात्यात रोजंदारीवर चिकटवलं होतं. तो दर सोमवारी सकाळी बाबांची मोटरसायकल घेऊन निघायचा, शनिवारी परत यायचा आणि रविवारभर कुरकुरायचा. त्या रविवारी, अठ्ठ्याण्णव सालच्या डिसेंबरात, दोघांचं कडाक्याचं भांडण झालं. आई म्हणाली, घरात बसून पोळ्या मोडणाऱ्याला मी वाढणार नाही. तो न जेवता झोपला.

सोमवारी सकाळी तो निघाला. आई फाटकाशी उभी होती. कोपऱ्यावर तो उजवीकडे वळला आणि दिवा दिला नाही. दहा वाजता धारच्या वाटेवर घाटाबिल्लोदजवळ तो चहाच्या टपरीकडे उजवीकडे वळत असताना मागून ट्रक आला.

आईने तेव्हापासून एकच गोष्ट धरून ठेवली आहे. पोरगा माझ्यावर रागावून गेला. दिवासुद्धा दिला नाही. तिने कधी आक्रोश केला नाही, फक्त हे एक वाक्य वर्षातून चार-पाचदा म्हणायची. भाजी निवडताना, कपडे वाळत घालताना.

आणि खरं असं होतं, की त्या रविवारी संध्याकाळी माझ्या जुन्या स्कूटरच्या मागच्या इंडिकेटरचा बल्ब गेला होता. दुकानं बंद होती. मी मोटरसायकलच्या मागच्या उजव्या इंडिकेटरचा बल्ब काढून स्कूटरला लावला. म्हटलं, उद्या नवा आणून टाकू. उद्या सोमवार आहे आणि गाडी शंतनू नेणार आहे, हे डोक्यातच आलं नाही. माझी दुसरी पाळी होती. तो निघाला तेव्हा मी झोपलो होतो.

त्याने दिवा दिला असणार. बटण दाबून वळला असणार, कोपऱ्यावरही आणि घाटाबिल्लोदलाही. मागे काही लागलं नाही.

ट्रकवाल्याने पोलिसांना सांगितलं की मोटरसायकलने इशारा न देता वळण घेतलं. बाबा मरेपर्यंत त्या माणसाला खोटारडा म्हणून शिव्या देत राहिले. तो खोटं बोलत नव्हता हे जगात फक्त मला माहीत होतं. पोलिसांनी गाडी सोडल्यावर मी पहिलं काम केलं ते बल्ब परत बसवायचं. मग बाबांना सांगितलं की गाडी आली.

नऊ वर्षं मी हे कोणाला बोललो नाही. अवंतीलाही नाही.

४

मंगळवारी खंडोजीकडून डायोड आणले आणि शर्टाच्या खिशात ठेवले. ते खिशातच राहिले.

कारण आई बदलली होती. पहाटे उठून ती अभंग गुणगुणायची. अवंतीला म्हणाली, माझी वेणी घाल गं जरा नीट. मला म्हणाली, ‘त्याचा राग गेला बघ. नऊ वर्षं धरला होता पोराने. आता रोज दिवा देतो.’

रोज सकाळी मी कोपऱ्यावर डावीकडचं बटण दाबायचो. दोन्हीकडचे लागताहेत हे ठाऊक असून दाबायचो. माझ्या हिशेबी हे पुण्याचं काम होतं. मी चोरलेला दिवा मीच परत देत होतो, आणि तोंडाने काही कबूल करायची गरज पडत नव्हती. एवढी स्वस्त सुटका कोणाला नको असते?

अवंतीला पटलं नाही. ‘अहो, त्या रोज दुपारपासून फाटकाकडे कान लावून बसतात. रात्री नुसतं दूध घेतात, तो आल्याशिवाय जेवणार नाही म्हणतात. तीन दिवस झाले. हे विकतचं दुखणं कशाला? काढून टाका ते.’

‘दोन-चार दिवसांत विसरेल.’

‘आई? आणि विसरतील?’

चौथ्या दिवशी मी दुपारी घरी आलो, झोपलो, उठलो. आठ वाजता आई आपणहून पानावर बसली आणि जेवायला लागली. मला हायसं वाटलं. म्हटलं, हट्ट सुटला.

‘बरं झालं आई, जेवलीस.’

‘आता काय,’ ती वरणभात कालवत म्हणाली, ‘आला ना तो.’

चौथ्या पाटापुढचं ताट भरलेलं होतं. पोळीचा एक तुकडा मोडून बाजूला ठेवलेला होता. अवंतीने माझ्याकडे बघितलं, मी अवंतीकडे. आईनेच मोडला असणार. तिला कमी दिसतं, हात कुठेही जातो. मी हे तेव्हा अवंतीला सांगितलं, झोपताना पुन्हा सांगितलं, आणि सकाळी दात घासताना स्वतःला सांगितलं.

५

पुढच्या रविवारी सुट्टी होती. गाडी सकाळपासून ओट्याच्या कडेला सावलीत उभी होती. मी बाहेर दिव्याखाली पेपर वाचत बसलो होतो. संध्याकाळचे साडेसहा वाजले असतील. थंडी पडायला लागली होती म्हणून स्वेटर आणायला उठलो, तेवढ्यात एक आवाज ऐकू आला. टिक. थोडं थांबून, टिक.

गाडी लांबून आली की सायलेन्सर निवताना असा वाजतो. ज्याने गाडी चालवली आहे त्याला हा आवाज झोपेतही ओळखता येतो. आणि तो फाटकातून आत आल्याशिवाय वाजत नाही.

मी सायलेन्सरला बोट लावलं आणि मागे ओढलं. चटका बसला.

आता डोक्याने विचार करू, मी स्वतःला म्हटलं. ऊन लागलं असेल. पण डिसेंबरात त्या बाजूला ऊन येत नाही. कोणी चालवून आणली असेल. किल्ली माझ्या खिशात होती. चाकांना मुरूम चिकटला होता, लालसर. देवासला आमच्याकडे काळी माती. लाल मुरूम कुठल्या रस्त्याला आहे ते मला माहीत होतं, पण त्या गावाच्या नावापर्यंत मी स्वतःला जाऊ दिलं नाही. फाटकाच्या कडीला हात लावून बघितला, ती वर होती. मी दुपारी खाली पाडून आलो होतो, किंवा आलो नव्हतो. अशा गोष्टी कोणाला नक्की आठवतात?

आतून आईचा आवाज आला. कोणाशी तरी बोलत होती, हळू, लाडाने. ‘गार झाली बघ भाजी. किती उशीर. रस्ता खराब आहे का रे?’

मग थांबली. उत्तराला लागतो तेवढा वेळ थांबली.

मी आत गेलो तर ती एकटी होती, चौथ्या पाटाकडे तोंड करून.

त्याच संध्याकाळी मी टॉर्च घेऊन ओट्यावर बसलो आणि मीटर उघडलं. दोन्ही डायोड लावले. मधल्या दिव्याची वायर वेगळी करून अर्थिंगला जोडली. डावीकडचं बटण दाबलं, मागे जाऊन सरळ उभा राहिलो. फक्त डावीकडचा. पंधरा वेळा बघितलं. उजवीकडचा काळा होता, बंद घराच्या खिडकीसारखा.

६

सोमवारी अवंतीला सांगितलं, आज तू आईच्या मागे उभी राहा. काय दिसतं ते बघ. डोळ्यांत तेल घालून बघ.

चहाच्या सुट्टीत फोन केला. ‘घरी या, मग सांगते,’ एवढंच म्हणाली.

दुपारी आई झोपल्यावर आम्ही ओट्यावर बसलो. अवंती घाबरट नाही. ती घरातले साप झाडूने हाकलते. पण तिने दोन्ही हात पदरात गुंडाळून घेतले होते.

‘तुम्ही डावीकडे वळलात. तुमचा दिवा झकास दिसला, केशरी. आईंनी हात वर केला, ये म्हणाल्या. मी म्हटलं चला, सुटलो. पण आई हलेनात. तुमच्या गाडीचा आवाजसुद्धा गेला. आणि मग कोपऱ्यावर दुसरा लागला. उजवीकडचा.’

‘दुसऱ्या कोणाची गाडी असेल.’

‘असेल. सकाळपासून मीही तेच म्हणतेय. पण गाडी आमच्या समोरूनच गेली असती ना कोपऱ्यापर्यंत? गल्लीत कोणी नव्हतं. कुत्रं नव्हतं.’ ती जरा थांबली. ‘आणि अहो, तो तुमच्यासारखा नव्हता. जुना होता. पिवळट, मंद. आपण काढून टाकले ना, तसला.’

‘तसला आईला दिसत नाही,’ मी म्हणालो. ‘म्हणून तर हे बसवले.’

‘हो ना,’ अवंती म्हणाली. ‘पण त्यांनी हात वर केला. मला दिसायच्या आधी केला.’

शेजारच्या घरात कोणीतरी हिंदीतून पाढे पाठ करत होतं.

मला तेव्हा कळलं की मी काय करून बसलो आहे. आमच्या घरात कोपऱ्यावरचा दिवा म्हणजे नुसता दिवा नव्हे. तो देणारा परत येतो, असा करार आहे, आणि माझ्या आईने तीसेक वर्षं तो पाळला. शंतनूचा त्या सोमवारी लागला नव्हता, म्हणून तो सुटला होता. आई रडत होती, मी कुढत होतो, पण तो सुटला होता. मी आठवडाभर रोज सकाळी त्याच्या नावाने दिवा दिला, आणि तिने रोज त्याला ‘ये’ म्हटलं.

‘काहीतरी लपवताय तुम्ही,’ अवंती म्हणाली. ‘नऊ वर्षं बघतेय. डिसेंबर आला की तुम्ही असेच होता.’

मी तिला बल्बचं सांगितलं. ती रडली नाही, ओरडलीही नाही. हात पदरातून काढून माझ्या पाठीवर ठेवला.

‘मला कशाला सांगता,’ ती म्हणाली. ‘आईंना सांगा. आजच सांगा.’

७

साडेसातला आई पाट मांडत होती. मी तिच्या हातातून पाट घेतला आणि तिला खाली बसवलं. अवंती शेगडीशी उभी होती.

‘आई, शंतनू तुझ्यावर रागावून गेला नव्हता.’

‘आता नाहीच मुळी,’ ती म्हणाली. ‘राग होता तो गेला.’

‘तसं नाही. त्याने त्या दिवशी दिवा दिला होता. लागला नाही. बल्ब मी काढला होता.’

सगळं सांगितलं. स्कूटर, रविवार, दुकानं बंद, दुसरी पाळी. ट्रकवाला खरं बोलत होता तेही सांगितलं. बल्ब परत कधी बसवला तेही. आई तिच्या अर्ध्या नजरेने माझ्याकडे बघत होती, चेहऱ्याच्या जरा बाजूला.

‘नऊ वर्षं, माधव.’

‘हो.’

‘तुझे बाबा त्या माणसाला तळतळाट देत गेले.’

‘हो.’

मला वाटलं ती मारेल. मारावं असं मला वाटत होतं, लहानपणी मारायची तसं. पण तिने पदर तोंडाला लावला आणि रडायला लागली, मोठ्याने, शंतनूचा देह आणला तेव्हाही ती अशी रडली नव्हती. रडता रडता मध्येच हसत होती. ‘रुसला नव्हता गं,’ ती अवंतीला म्हणाली. ‘माझं पोर रुसलं नव्हतं. दिवा दिला होता त्याने मला.’ अवंतीने तिला जवळ घेतलं. मी समोर बसून राहिलो. इतकी वर्षं मी तिच्या उरावर माझा धोंडा ठेवून हिंडत होतो, आणि तो उचलायला चार वाक्यं लागली. मला स्वतःची शिसारी आली.

बऱ्याच वेळाने ती शांत झाली. डोळे पुसले, नाक पुसलं. मग तिच्या चेहऱ्यावर काहीतरी उमगल्यासारखं आलं.

‘म्हणून होय,’ ती म्हणाली.

‘काय म्हणून?’

‘रोज येतो, पण माझ्याशी बोलत नाही. मी विचारते, तो उत्तर देत नाही. मी म्हणे, अजून अढी आहे मनात, जाईल हळूहळू.’ तिने हात लांब करून चाचपडत माझ्या गुडघ्याला लावला. ‘नुसता बसतो रे. आणि सारखा तुझ्या पाटाकडे बघतो.’

बाहेर फाटकाची कडी वाजली.

अवंतीनेही ऐकलं, तिची मान वळली. आई उठली, कंबरेवर हात ठेवून, सावकाश. तिने आपलं ताट उचललं आणि चाचपडत अवंतीचा खांदा धरला. ‘चल गं, आपण आत बसू. माझं इथे काही काम नाही आता.’ आणि मला म्हणाली, ‘तुम्ही भाऊ भाऊ बोला.’

तिने मधलं दार ओढून घेतलं. तिच्या आवाजात राग नव्हता, एवढं मी शपथेवर सांगेन.

बाहेर ओट्याच्या कडेला सायलेन्सर वाजला. टिक. माझी गाडी दुपारी तीनपासून तिथे उभी होती. मग पावलं आली, बाहेरच्या खोलीतून, दमलेल्या माणसाची. मी मान खाली घातली. समोरचा पाट जमिनीवर किंचित सरकला, कोणी टेकलं की सरकतो तसा. पेट्रोलचा आणि गार हवेचा वास आला.

वर बघावं असं मनात फार होतं. तो माझा धाकटा भाऊ होता, त्याला सायकलवर बसवून मी टेकरीला फेऱ्या घातल्या होत्या. पण मान उचलेना. ताटाच्या कडेशी मला फक्त एक हात दिसला. पोळी मोडत होता, सवयीने, एकाच हाताने. मनगटावर घड्याळाच्या पट्ट्याची फिकट खूण होती. नखांत लाल मुरूम होता.

मग मी त्याला सांगायला लागलो.

याला आता सव्वा वर्ष झालं. आईची उरलेली नजरही गेली. तिला त्याचं फारसं काही वाटत नाही. ती आतल्या खोलीत अवंतीबरोबर आठ वाजता जेवते, दोन घास जास्तच जेवते, रात्री शांत झोपते. सकाळी फाटकाशी येत नाही. इकडे मी दोन पाट मांडतो. तो उशिरा येतो, बसतो आणि माझ्याकडे तोंड करून ऐकतो. मी रोज पहिल्यापासून सांगतो, रविवारपासून, काही न गाळता. सांगून झालं की मी थोडा वेळ थांबतो. सख्खा भाऊ आहे, कधीतरी ‘असू दे, दादा’ म्हणेल असं वाटतं.

अजून म्हणालेला नाही.